बेणणीचा कोयता: पारख, खरेदी आणि निगा

कर्जत, मुरबाड, वाडा, अलिबाग या बाजूला जागा घेतलेल्या मुंबईकराची गाठ पहिल्याच पावसानंतर घाणेरी आणि रानमोडीशी पडते. गावचं घर वर्षभर बंद असेल, तर मे महिन्यात दारापर्यंत पोचायलाच वाट पाडावी लागते. मग बेणणीसाठी, म्हणजे वाढलेली झाडी-झुडपं कापून जागा साफ करायला, घाईघाईने कोयता आणला जातो. दुकानातला सगळ्यात मोठा आणि चकचकीत तोच उचलला जातो. दुसऱ्या दिवशी मूठ डुगडुगते आणि चौथ्या दिवशी धारेला दात पडतात.

कोयता तीन जागी दगा देतो: धार, मान आणि मूठ. मान म्हणजे पातं संपून मुठीत शिरतं ती जागा. या तीन जागा दुकानातच तपासता आल्या, तर बाकीची निवड सोपी आहे.

सोबत काय असावं

खरेदीला जाताना: मोजपट्टी, सहा इंची नवी कानस, एक नाणं, पातं गुंडाळायला जाड पुठ्ठा आणि सुतळी, आधार कार्ड.

घरी आल्यावर: दहा इंची मध्यम दातांची सपाट कानस, बाकदार पात्यासाठी अर्धगोल कानस, दोन बाजूंचा (जाड-बारीक) कार्बोरंडम दगड, सी-क्लॅम्प, थोडं रॉकेल, मशीनचं तेल, अळशीचं तेल.

कागदपत्रं: कोयत्याचं बिल, जागेचा सातबारा आणि झाडं तोडायची असतील तर परवानगीचा कागद. हा शेवटचा कागद कधी लागतो ते नवव्या पायरीत आहे.

१. आधी रान बघा, मग कोयता

एकच कोयता सगळ्या कामाला चालेल ही समजूत महागात पडते. जागेवर एक फेरी मारून काय वाढलंय आणि खोडं किती जाड आहेत ते बघा.

गवत, टाकळा, कोवळी रानमोडी असं हिरवं आणि अंगठ्याहून बारीक असेल, तर २ मिमी जाडीचं लांब, हलकं पातं भरभर काम करतं. ब्राझील-कोलंबियाकडची मशेटी म्हणतात ती हीच. १८ इंची पात्याची मशेटी जेमतेम अर्धा किलो भरते.

जुनी घाणेरी, करवंदाची जाळी, सुबाभूळ, गिरिपुष्प, बोर, कुडा अशी २ ते ५ सेंमी जाडीची लाकडी खोडं असतील, तर ते पातळ पातं लाकडात शिरून अडकतं आणि ओढताना पिळलं जातं. इथे पाठीला ५ ते ६ मिमी जाड असलेला आपला देशी कोयता हवा. मुंबईच्या आसपासच्या बहुतेक जागांवर हेच रान असतं, त्यामुळे पुढचं सगळं मुख्यतः याच कोयत्याबद्दल आहे.

खोड ७ सेंमीच्या वर गेलं की कोयता खाली ठेवा. तिथे फांद्या छाटायची करवत दहा मिनिटांत जे करते, त्यासाठी कोयत्याने अर्धा तास घाम निघतो आणि मान ढिली होते ती वेगळीच. दोनशे-तीनशे ग्रॅमची घडीची करवत सोबत असली, तर कोयत्याचं आयुष्य दुप्पट झालं असं समजा.

२. आकार: बाक, लांबी, वजन

कोकणी कोयत्याच्या टोकाला जो पुढे वळलेला बाक असतो, तो शोभेचा नाही. जमिनीलगत घाव घालताना आधी बाक दगडाला लागतो आणि धार वाचते. जांभ्यावर किंवा काळ्या कातळावर काम असेल, तर सरळ टोकाचं पातं पहिल्या दिवशीच तोंड फोडून घेतं. शिवाय बाकात वेल आणि काटेरी फांदी अडकवून ओढता येते, हात जाळीत घालावा लागत नाही. तोटा एकच: बाकाच्या आतल्या वळणाला सपाट कानस पोचत नाही. त्यासाठी वर अर्धगोल कानस लिहिली आहे.

मध्यम बांध्याच्या माणसाला दिवसभर पेलेल असं माप:

पात्याची लांबी २५ ते ३० सेंमी. रुंदी मध्यावर ५ सेंमीच्या आसपास. पाठीची जाडी मानेजवळ ५ ते ६ मिमी आणि टोकाकडे ३ ते ४ मिमी. मुठीसकट वजन ६०० ते ८०० ग्रॅम.

मानेपासून टोकापर्यंत जाडी तेवढीच असेल, तर ती घण न मारता सरळ पट्टी कापून केलेली वस्तू आहे. असा कोयता टोकाला जड होतो आणि अर्ध्या तासात मनगट बोलायला लागतं. तोल बघायला पातं एका बोटावर आडवं ठेवा. मुठीच्या पुढे ५ ते ८ सेंमीवर ते स्थिर राहिलं, तर घावाला वजनही मिळतं आणि हातही टिकतो.

शहाळेवाल्याचा कोयता घेऊ नका. तो रुंद आणि जड असतो, दोन-तीन नेमक्या घावांसाठी केलेला, दिवसभर फिरवण्यासाठी नव्हे. ऊसतोडीचा कोयता उलट टोकाचा: पातळ आणि हलका. उसात तो लोण्यातून गेल्यासारखा जातो, वाळल्या बोरीवर त्याची धार कुशीवर वळते.

ऑनलाइन दिसणारी काळी, पाठीला करवतीचे दात आणि पात्यात भोकं असलेली पाती फोटोतच चांगली. ते दात लाकूड कापत नाहीत, कारण त्यांना करवतीसारखं एकाआड एक बाहेर वळवलेलं नसतं. आणि प्रत्येक खाच, प्रत्येक भोक म्हणजे तडा जायला आयती जागा.

३. पोलाद ओळखा

दुकानदाराला विचाराल तर प्रत्येक कोयता ‘एकदम कडक पोलादाचा’ असतो. म्हणून स्वतः बघायला शिका.

लोखंडात कार्बन किती, यावर त्याला पाणी चढेल की नाही, म्हणजे तापवून बुडवल्यावर ते कडक होईल की नाही, हे ठरतं. बांधकामाच्या सळईत किंवा साध्या पट्टीत कार्बन पाव टक्क्याच्या आसपास असतो. अशा लोखंडाला कितीही तापवून पाण्यात बुडवा, ते पुरेसं कडक होत नाही आणि धार तासाभरात बसते. कोयत्याला ०.५५ ते ०.७५ टक्के कार्बन सोयीचा. ०.९ च्या पुढचं पोलाद सुरीला छान, पण कोयत्याला आपटी-धोपटी सोसायची असते आणि ते पोलाद धारेवर टवके सोडतं.

आपल्याकडे लोहार वापरतात तो ट्रकचा किंवा जीपचा कमानपाटा, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगची पट्टी, या मापात बसतो. ईएन ४५ सारख्या स्प्रिंगच्या पोलादात कार्बन साधारण ०.५५ ते ०.६५ टक्के आणि सोबत सिलिकॉन, मँगनीज असतं, त्यामुळे ते कडक होऊनही लवचिक राहतं. कमानपाट्याचा कोयता म्हणून जे नाव आहे, ते उगाच नाही. एक सावधानता मात्र हवी. भंगारातला पाटा लाखो धक्के खाऊन आलेला असतो आणि त्यात डोळ्यांना न दिसणारे तडे असू शकतात, विशेषतः मधल्या बोल्टच्या भोकाजवळ. लोहाराकडून करून घेत असाल, तर भोकाजवळचा तुकडा सोडून द्यायला सांगा.

स्टेनलेसचा मोह मुंबईत फार होतो, कारण इथल्या दमट हवेत रात्रीतून गंज येतो. पण स्वस्त स्टेनलेस पातं एक तर मऊ असतं, नाही तर जाड फांदीवर टवका सोडतं, आणि बोथट झाल्यावर साध्या कानशीने लवकर उठत नाही. गंजाचा बंदोबस्त तेलाच्या फडक्याने होतो, मोडक्या धारेचा होत नाही. साधं कार्बन पोलादच घ्या.

ओळखायच्या चार रीती सांगतात. त्यातली एक फसवी आहे.

लोहचुंबक: हीच ती फसवी. साधं लोखंड, कमानपाटा, पात्यांचं स्वस्त स्टेनलेस, सगळ्यांना चुंबक चिकटतं. त्यातून काहीच कळत नाही.

ठिणग्या: दुकानात किंवा शेजारी ग्राइंडर असेल, तर पाठीचा कोपरा अर्धा सेकंद टेकवायला सांगा. साध्या लोखंडाच्या ठिणग्या लांब, सरळ रेघांच्या, क्वचित फुटणाऱ्या. कार्बन असलेल्या पोलादाच्या आखूड, टोकाला फुलबाजीसारख्या दाट फुटणाऱ्या. शेजारी एक सळई घासून दोन्ही एकापाठोपाठ पाहिल्या, की फरक नवख्यालाही कळतो.

कानस: सर्वांत भरवशाची रीत. पुढच्या पायरीत आहे.

नाद: कोयता मुठीजवळ दोन बोटांत सैल धरून पात्यावर नाण्याने टिचकी मारा. स्वच्छ, लांबणारा नाद आला तर पातं अखंड असण्याची शक्यता चांगली. ‘थप्प’ असा बद्द आवाज आला तर तडा असेल, नाही तर मूठ ढिली असेल. दोन्हींपैकी काहीही असलं तरी तो कोयता परत ठेवायचा.

४. पाणी तपासा

चांगलं पोलादही चुकीचं पाणी दिलं तर वाया जातं. जाणता लोहार फक्त धारेला पाणी देतो: धारेकडचा दोन-तीन सेंमीचा पट्टा लाल करून बुडवायचा, पाठ तशीच राहू द्यायची. मग पाठीत उरलेली ऊब हळूहळू धारेकडे सरकते आणि घासून उजळ केलेल्या पात्यावर रंग धावतो, आधी पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. सुरीला पिवळ्यावर थांबतात. कोयत्याला जांभळा ते निळा येईपर्यंत थांबून मग पूर्ण विझवायचा. पिवळ्यावरच विझवलेला कोयता धारदार वाटतो खरा, पण पहिल्या वाळक्या बांबूवर त्याच्या धारेचे चंद्रकोरीएवढे तुकडे उडतात.

दुकानात हे असं तपासा. धारेच्या मुठीकडच्या टोकाला, जिथे कापायचं काम पडत नाही, तिथे सहा इंची कानस हलक्या हाताने एकदा पुढे ढकला. (विचारून करा, दुकानदार रागावतात.)

कानस काचेवरून घसरल्यासारखी गेली: पाणी जास्त, टवके उडणार.

कानस लागते, पण जोर द्यावा लागतो, बारीक भुकटी पडते: बरोबर.

कानस लगेच खाते, जाडसर कीस निघतो: पाणी लागलेलंच नाही.

आता तीच कानस पाठीवर चालवा. लोहाराच्या कोयत्यात पाठ धारेपेक्षा ठळक मऊ लागली पाहिजे. दोन्ही सारखीच मऊ असतील, तर पाणी दिलंच नाही. कारखान्यातल्या मशेटीत मात्र सगळ्या पात्याला सारखंच पाणी असतं, तिथे हा फरक शोधत बसू नका. तिची परीक्षा वेगळी: टोक लाकडाला टेकवून पातं हळूच तीन-चार सेंमी वाकवा आणि सोडा. सरळ झाली तर ठीक, वाकडी राहिली तर मऊ. हा प्रयोग जाड कोयत्यावर करू नका.

आणखी एक सापळा. ‘साहेब, धार लावून देतो’ म्हणत दुकानदार कोयता ग्राइंडरवर धरतो. दोन मिनिटांत धार चमकते, पण तिच्या कडेने निळसर-करडा पट्टा आलेला दिसला, तर तिथलं पाणी उतरलं. ती धार एका दिवसात बसणार आणि पुन्हा मूळ कडकपणा हवा असेल तर तेवढी पट्टी घासून काढावी लागणार. धार न लावलेला कोयताच मागा.

५. मान आणि मूठ: इथे सर्वाधिक वेळ द्या

पोलादाची चर्चा सगळे करतात, कोयते मात्र मुठीपाशी मरतात. आणि मुठीतून निसटलेलं पातं समोरच्या माणसाच्या दिशेने जातं, हे विसरू नका.

मुठीचे प्रकार बाजारात पाच दिसतात.

पहिला, पात्याचं निमुळतं शेपूट लाकडात ठोकून बसवलेलं, पुढे साम म्हणजे लोखंडी कडं. कोकणात हा नेहमीचा. यात शेपूट मुठीच्या पार मागून बाहेर आलेलं आणि तिथे वळवून किंवा ठोकून बसवलेलं असेल तरच घ्या. मागे काहीच दिसत नसेल, तर शेपूट पाच सेंमी आत जाऊन संपलं आहे असं धरून चाला. सामेवर नख मारून बघा, ती फिरली तर लाकूड आताच सुकून आकसलंय.

दुसरा, पात्याचंच लोखंड गुंडाळून केलेली नळी, तिच्यात लाकडी दांडा. रांगडा प्रकार, पण दांडा मोडला तर जागेवर काठी तासून घालता येते. लांब जाणाऱ्यांसाठी हा उत्तम. नळीची शिवण हाताला टोचत नाही ना ते बघा.

तिसरा, पात्याएवढीच पट्टी मुठीच्या शेवटापर्यंत आणि दोन्ही बाजूंना लाकडी फळ्या, तीन रिपिटांनी जोडलेल्या. नीट केलेला असेल तर सर्वांत भक्कम. दोनच रिपिटं असतील तर पुढची फळी उघडते.

चौथा, प्लॅस्टिकची ओतीव मूठ. घामाने कुजत नाही, पण तुटली की तुटली.

पाचवा, नळी किंवा सळई वेल्डिंग करून जोडलेली. हा घेऊ नका. कार्बन जास्त असलेल्या पोलादाला आधी न तापवता वेल्डिंग केलं, की जोडाच्या शेजारची पट्टी काचेसारखी ठिसूळ होते. रंगाखाली हे झाकलेलं असतं. मानेवरून बोट फिरवा. उंचवटा, मण्यांसारखी रांग किंवा मानेपुरताच चढवलेला रंग लागला, तर तिथेच थांबा.

मानेचा कोपराही बघायचा. पात्यावरून शेपटात उतरताना वळण गोलसर हवं. काटकोनात कापलेली खाच असेल, तर सगळा धक्का त्या कोपऱ्यात जमतो आणि तडा तिथूनच निघतो.

लाकूड कोणतं? धामण मिळाली तर दुसरं बघू नका. ती धक्का पिते. बाभूळ आणि शिसवही चांगली. आंब्याच्या लाकडाची मूठ पहिल्या पावसात फुगते आणि पुढच्या उन्हाळ्यात फाटते. लाकडाच्या रेषा मुठीच्या लांबीला समांतर असाव्यात. तिरक्या रेषांवर मूठ चिरते.

माप हातावरून घ्या. मूठ धरल्यावर बोटांची टोकं तळहाताला जेमतेम टेकली पाहिजेत. बहुतेकांना ३ ते ३.५ सेंमी जाडी जमते. लांबी १२ ते १४ सेंमी. आकार अंडाकृती हवा, म्हणजे न बघताही धार कुठे आहे ते हाताला कळतं. शेवटाला फुगीर गाठ हवी, घामेजलेला हात तिथे अडतो. गुळगुळीत व्हॉर्निश लावलेली मूठ घरी नेऊन सँडपेपरने खरवडावी लागते, ते ध्यानात ठेवा.

६. मुंबईत कुठे मिळेल

नावाला भुलून लोहार चाळीत गेलात तर तिथे वायरी, पंखे आणि दिवे मिळतील. अवजारांसाठी मस्जिद स्टेशनला उतरून पश्चिमेला नागदेवी स्ट्रीट गाठा. आजूबाजूच्या अब्दुल रहमान स्ट्रीटवर आणि क्रॉफर्ड मार्केटच्या परिसरातही चौकशी करता येते. रविवारी बहुतेक दुकानं बंद. ‘नारियलवाला नहीं, झाडी काटने का’ असं आधीच सांगा, म्हणजे शहाळ्याचे कोयते पुढ्यात येणार नाहीत. कानस आणि दगडही तिथेच घ्या.

खरा लोहारी कोयता हवा असेल, तर शहराबाहेर जा. मुरबाडजवळ म्हशाची जत्रा पौष पौर्णिमेला भरते, तिथे गुरांच्या बाजारासोबत शेतीची अवजारंही येतात. तालुक्याच्या आठवडी बाजारात आणि रस्त्याकडेला पाल टाकून बसणाऱ्या घिसाड्यांकडे तर समोर बसून हवा तसा करून घेता येतो. तिथे चार गोष्टी बोलून ठरवा: पाटा कुठला वापरणार, पाठ किती मिमी ठेवणार, पाणी फक्त धारेला देणार, आणि शेपूट मुठीपार काढून वळवणार. जो लोहार यावर उलट दोन प्रश्न विचारतो, त्याला काम द्यायला हरकत नाही.

ऑनलाइन घेणार असाल, तर पात्याची जाडी मिलिमीटरमध्ये आणि पोलादाचा प्रकार लिहिला असेल तरच. नुसतं ‘हाय कार्बन’ हे वर्णन नाही.

७. घरी नेताना

केवळ घरगुती किंवा शेतीच्या वापरासाठी बनवलेल्या वस्तू शस्त्र अधिनियम १९५९ मधल्या ‘शस्त्र’ या व्याख्येत येत नाहीत, त्यामुळे शेतीच्या कोयत्याला परवाना लागत नाही. पण मुंबईत महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३७ खाली वेळोवेळी बंदी आदेश निघतात, आणि अशा आदेशात सार्वजनिक जागी हत्यारं बाळगायला मनाई असते. त्यात पुण्यातल्या ‘कोयता गँग’च्या बातम्यांनंतर हा शब्दच पोलिसांच्या कानाला टोचतो. उघडा कोयता हातात घेऊन फुटपाथवरून चालू नका.

धारेवर पुठ्ठा दुमडून लावा, सुतळीने घट्ट बांधा, वर कागद गुंडाळा. बिल पिशवीत ठेवा. दुकानदाराने ओळखपत्र मागितलं तर कुरकुर न करता दाखवा. लोकलच्या गर्दीत किंवा मेट्रोत नेऊ नका, मेट्रोच्या तपासणीत तो अडवला जाणारच. स्वतःची गाडी किंवा टॅक्सी बरी, आणि गाडीतही डिकीत. जागेवर पोचवून झाला की तो तिथेच कुलपात ठेवणं सगळ्यात शहाणपणाचं, दर शनिवारी ये-जा कशाला?

८. पहिली धार

नवा कोयता कामाला तयार नसतो. त्यावर लाखेचा किंवा वंगणाचा थर असतो, तो थिनर किंवा रॉकेलने पुसून काढा. मग कोयता टेबलाच्या कडेला सी-क्लॅम्पने आवळा, धार तुमच्यापासून दूर.

लाकडी खोडांसाठी दोन्ही बाजूंना २५ अंशांच्या आसपास उतार ठेवा. मोजायची सोपी रीत: कानस धारेवर टेकवा आणि धारेपासून १० सेंमी अंतरावर ती पात्याच्या पातळीपेक्षा ४ सेंमीहून किंचित वर उचला. गवतासाठीच्या मशेटीला साडेतीन सेंमी पुरे, म्हणजे २० अंश. यापेक्षा पातळ धार दाढी करायला चालेल, सुबाभळीला नाही.

कानस फक्त पुढे जाताना कापते. मागे आणताना उचला, घासत आणलीत तर कानशीचेच दात जातात. एका बाजूला सलग घासत राहा, दुसऱ्या बाजूला बोट आडवं फिरवल्यावर बारीक कुसळ लागेपर्यंत. मग बाजू बदला. दोन्हीकडची कुसळं निघाली की दगडाची जाड बाजू, नंतर बारीक, पाण्याचे थेंब टाकत. पहिल्या वेळी तास जातो. पुढे रोजच्या कामात दर तासाला दगडाचे पाच-सहा हात दिले, की कानस आठवड्यातून एकदाच लागते.

मानेकडची दोन सेंमी धार बोथटच सोडा. तिथे कापायचं नसतं आणि हात घसरला तर बोटं वाचतात.

९. पहिला घाव घालण्याआधी परवानगी

स्वतःच्या मालकीच्या जागेतलं झाड आपल्याच मर्जीने तोडता येतं, असं समजू नका. मुंबई महापालिकेच्या हद्दीत झाड तोडायला, फांद्या छाटायलासुद्धा, वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. कायदा १९७५ चा आहे, अर्ज वॉर्ड ऑफिसच्या उद्यान विभागात. सोसायटीचं आवारही त्यात आलं. शहराबाहेर १९६४ चा वृक्षतोड अधिनियम आहे. त्याच्या यादीत आंबा, फणस, जांभूळ, चिंच, साग, ऐन, खैर, मोह, हिरडा, किंजळ, चंदन अशी झाडं आहेत. लहान रोपातच ती ओळखायला शिका, कारण घाणेरीच्या जाळीत ऐन आणि किंजळ सहज उगवलेली असतात आणि कोयता ओळख विचारत नाही. तोडण्याआधी त्यांना लाल चिंधी बांधा. खाडीकाठच्या खारफुटीला हातच लावायचा नाही.

घाणेरी, रानमोडी या झुडपांची तशी अडचण नाही.

१०. हात कसा चालवायचा

गमबूट, जाड पँट, डोळ्यांना चष्मा. मोकळ्या हाताला कातडी मोजा घाला, कोयत्याच्या हाताला नको, त्यात घामाने मूठ सरकते. मनगटात दोरीही अडकवू नका. हातातून सुटलेला कोयता लांब पडलेला बरा, मनगटाला लोंबकळत पायाकडे येणारा नाही. तुमच्याभोवती तीन मीटरच्या आत कुणी नसावं.

जाळीत हात घालण्याआधी काठीने ती हलवा. फुरसं पालापाचोळ्यातच बसतं.

घाव खोडाला काटकोनात न घालता साधारण ४५ अंशांत, खाली आणि शरीरापासून बाहेर जाईल असा घाला. जाड खोडाला वरून एक, खालून एक असे घाव घालून खाच पाडा. पातं अडकलं तर डावी-उजवीकडे हलवून सोडवू नका, मान तिथेच पिळते. पाठीवर लाकडाने ठोकून, आला त्याच रेषेत मागे काढा.

खुंट तिरके, टोकदार सोडणं ही नवख्यांची नेहमीची चूक. महिन्याभरात गवत वाढतं, खुंट झाकला जातो आणि तो बुटाच्या तळातून किंवा गाडीच्या टायरमधून वर येतो. शेवटचा घाव जमिनीलगत, सपाट. बांबू पेराच्या लगेच वर कापा, नाहीतर उरलेल्या पोकळीत पाणी साचतं आणि डासांची सोय होते. सुबाभूळ आणि घाणेरी नुसती कापून मरत नाहीत, खुंटातून पुन्हा फुटतात. त्यांच्या मुळाशी टिकाव लावावा लागतो, ते काम कोयत्याने करू नका. मातीत घातलेला कोयता दोन घावांत बोथट होतो.

शेर, निवडुंग आणि बिब्बा यांचा चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका. बिब्ब्याने तर अंगावर फोड येतात.

११. पावसाळ्यातली निगा

संध्याकाळी पात्यावरचा चीक रॉकेलच्या फडक्याने पुसा, कोरडं करा, मशीनच्या तेलाचा हात फिरवा. समुद्राजवळच्या गावात हे एक दिवसही चुकवू नका. चामड्याच्या म्यानात ठेवू नका, चामडं ओल धरून ठेवतं आणि पातं आतल्या आत खातं. गोणपाटाचंही तेच. कोरड्या भिंतीवर, मुलांच्या हाताबाहेर खिळ्याला टांगा. कामावर असताना कमरेला आकडी लावून तिच्यात अडकवायची कोकणी पद्धत कुठल्याही म्यानापेक्षा चांगली, फक्त खाली बसण्याआधी कोयता काढायचा.

मुठीला वर्षातून दोनदा अळशीचं तेल पाजा, शक्यतो मे आणि ऑक्टोबरमध्ये. तेलाचा बोळा चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. अळशीचं तेल सुकताना तापतं आणि गोळा केलेली चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. ती उघड्यावर पसरून वाळवा.

मूठ ढिली झाली की लोक कोयता रात्रभर पाण्यात ठेवतात. लाकूड फुगतं, सकाळी घट्ट वाटतं, आणि आत शेपूट गंजायला लागतं. आठ दिवसांत पुन्हा ढिली. नीट इलाज असा: मूठ काढा, शेपटावरचा गंज घासून काढा, भोकात लाखेचा चुरा आणि बारीक विटेची भुकटी समसमान भरा. पात्याला धारेपासून मानेपर्यंत ओलं फडकं गुंडाळा, म्हणजे पाणी उतरणार नाही, आणि फक्त शेपूट लाख वितळेल इतपत तापवून आत ठोका. लाल करू नका, लाकूड जळून भोक आणखी सैल होईल. लाख नसेल तर अरल्डाईट चालतं, मग शेपूट तापवायचं नाही आणि चोवीस तास कोयत्याला हात लावायचा नाही.

धारेवर तांदळाच्या दाण्याएवढे दात पडले असतील, तर कानशीने पूर्ण धार मागे घेऊन काढता येतात. मानेवर मात्र केसाएवढीही चीर दिसली, तर तो कोयता भंगारात घाला. वेल्डिंगवाल्याकडे नेऊ नका.